डब्याखालचा गंज

माझ्याकडं खेळण्यातल्या जुन्या आगगाड्या आहेत. पत्र्याच्या, चावी देऊन चालणाऱ्या. लोकांना वाटतं, म्हाताऱ्यानं नातवंडांसाठी जमवल्या. तसं काही नाही. मी त्या माझ्यासाठी जमवल्या आणि नातवंडांना हात लावू देत नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला फार प्रेमळ समजायला नको.

मी शिकलो सातवीपर्यंत. बार्शीकडून चिंचवडला आलो, एका कंपनीत प्रेस शॉपला हेल्पर लागलो, पुढं टूल रूममध्ये फिटर झालो. सगळी नोकरी पत्र्यात गेली. पत्रा कुठं दुमडतो, कुठं फाटतो, कुठं गंज धरतो, हे मला डोळे झाकून कळतं असं मी म्हणायचो. आता म्हणत नाही.

सुट्टीच्या दिवशी पुण्याला जुन्या बाजारात कानशी, ड्रिल असलं काही मिळतंय का बघायला जायचो. एकदा एका पथारीवर एक इंजिन आडवं पडलेलं दिसलं. विकणारा स्वतःच म्हणाला की स्प्रिंग तुटलीय, चालायचं नाही. चालायचं नाही म्हटल्यावर मला ते घ्यावंच लागलं. घरी स्प्रिंग बसवली, फरशीवर सोडलं, ते सुसाट पलंगाखाली गेलं आणि भिंतीला आपटून उलटं झालं. बायको म्हणाली, "कंपनीतलं लोखंड पुरत न्हाई व्हय तुमाला, आता घरी बी आणलं?" पण दुसऱ्यांदा चावी तिनंच दिली.

तिथून लागलं ते लागलं. चिखलीच्या दोन खोल्यांतून पुढं पोरानं घेतलेल्या फ्लॅटवर आलो, तेव्हा भांड्यांपेक्षा गाड्यांची खोकी जास्त होती. भंगारवाले ओळखायला लागले होते. देहूच्या रस्त्यावरचा एक जण तर गाडी आली की निरोप धाडायचा.

मात्र एक अडचण व्हायची. पिशवीभर माल घेतला की त्यात दोन-चार भलतेच डबे निघायचे. कुठल्याच गाडीत न बसणारे. एका डब्याची चाकं एकमेकांपासून इतकी लांब-लांब, रुंद बसवलेली होती की माझ्या कुठल्याच रुळावर ती बसेनात. एका मालडब्याला कुणीतरी शिलाई मशीनच्या बॉबिनची चाकं लावलेली. एका गार्डाच्या डब्याचं दार उलटं छापलेलं, कडी वर आणि पायरी छताला; म्हणजे कारखान्यातच रिजेक्ट व्हायला पाहिजे होता, तो कुणाच्या तरी नजरेतून सुटला. एक डबा बाहेरून निळा झकास, पण खिडकीतून आत बघितलं तर चहाच्या डब्याची वेलबुट्टी. जुना पत्रा उलटा करून बनवलेला. एक टँकर पावडरच्या डबीचा होता, कुण्या बापानं पोरासाठी घरीच केलेला असणार. आणि एक इंजिन होतं दोन तोंडांचं.

कंपनीत आमची पद्धत होती. चांगल्या मालाला हिरवं कार्ड, शंका असलेल्याला पिवळं, वाया गेलेल्याला लाल. लाल कार्डाचा माल लाल पेटीत, आणि ती पेटी कुलपात, चुकून चांगल्या मालात मिसळायला नको म्हणून. मी घरीही तेच केलं. बुटाच्या खोक्याला लाल रंग मारला, हे सहाही त्यात टाकले आणि खोकं माळ्यावर.

बायकोनं ते दुसऱ्या दिवशी खाली काढलं. स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांच्या वर एक फळी होती, तिच्यावर तिनं सहाही मांडले. रुंद चाकांच्या डब्याचं छप्पर निघायचं, त्यात ती तिच्या गोळ्यांची पाकिटं ठेवायची. दोन तोंडांच्या इंजिनाला तिनं घरजावई नाव ठेवलं, कारण ते ना धड इकडचं ना तिकडचं.

मी म्हणालो की हा रिजेक्शनचा माल आहे, पाहुण्यांना दिसंल. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बरं झालं मी तुमच्या कंपनीत न्हवते. मलाबी पिवळं कार्ड लावून बाजूला बसवलं असतं तुमी."

"पिवळं नसतं लावलं," मी म्हणालो.

"मग?"

हिरवं म्हणायला जीभ उचलली नाही. आता वाटतं, काय गेलं असतं म्हणायला.

खंडेनवमीला आमच्या भागात हत्यारांची पूजा असते. कंपनीत आदल्या दिवशी सगळ्या मशिनी धुऊनपुसून घ्यायच्या, मग झेंडूच्या माळा, नारळ, प्रत्येक प्रेसला हळदकुंकू. मी तिकडंच असायचो. घरी बायको माझी हत्यारांची पेटी, विळी, मिक्सर, पोराची मोटारसायकल असं सगळं मांडून पूजा करायची. एका वर्षी घरी आलो तर माझ्या चांगल्या गाड्यांपैकी एका लाल-पिवळ्या इंजिनावर कुंकवाचा टिळा. तेलाचं बोट लावून त्यावर कुंकू, म्हणजे पक्कं बसावं म्हणून. छापील रंगावर तेल म्हणजे डाग कायमचा. मी खूप बोललो. नको ते बोललो. सणाचा दिवस होता आणि सून नवी होती, तिच्यासमोर बोललो. बायकोनं फडक्यानं टिळा पुसला आणि नैवेद्याचं ताट वाढायला गेली. त्यानंतर कुठल्याही गाडीवर मला कुंकू दिसलं नाही. माझं ऐकलं असं मी समजलो.

ती गेली त्याला आठ महिने झाले. सकाळी चहाचं आधण ठेवलं, खुर्चीत टेकली, ती उठली नाही. सगळं इतकं पटकन झालं की गॅस बंद करायचंही कुणाच्या ध्यानात आलं नाही, चहा उकळून आटून गेला.

दिवस घातले, तिची लुगडी बहिणींनी, भाच्यांनी नेली, रीतच आहे ती. पोरगा, सून कामावर जायला लागले, नातवंडं शाळेत. मी घरात एकटा हिंडायचो आणि तिच्या हातचं काय राहिलंय ते बघायचो. लिंबाच्या लोणच्याची बरणी होती, ती चैत्रापर्यंत संपली. शेवटची फोड मी खाल्ली नाही, तिला बुरशी आली, मग सुनेनं टाकली. तिचं अक्षर घरात कुठंच नव्हतं, कारण तिला लिहिता येत नव्हतं. कुणाच्या बायकोच्या जुन्या चिठ्ठ्या असतात, वाणसामानाच्या याद्या असतात. माझ्याकडं तसलं काही नाही. फोटो आहेत, पण फोटो ती दिसती तसा येतो, तिनं केलेला नसतो. मला तिनं केलेलं काहीतरी पाहिजे होतं.

असं चाललेलं असताना तळेगावहून एका गृहस्थांचा फोन आला. शाळामास्तर होते, आता रिटायर. त्यांनाही जुन्या खेळण्यांचा नाद. गावातल्या एका सभागृहात खेळण्यांचं प्रदर्शन मांडणार होते आणि माझ्या गाड्यांबद्दल त्यांनी भंगारवाल्याकडून ऐकलं होतं. चार दिवसांसाठी द्याल का, म्हणाले. मी हो म्हणालो. हाताला काम मिळालं.

चांगल्या गाड्या साफ केल्या, तेल घातलं. ते दोन दिवसांत झालं. मग नजर त्या फळीवर गेली. रुंद चाकांचा डबा. किती वर्षं मी म्हणत होतो की रिटायर झालो की ह्याला रुळावर आणतो. ती म्हणायची, राहू द्या की, तो कुठं म्हणतोय मला चालायचंय. पण फिटरला न बसणारी वस्तू समोर बघवत नाही. मी बाल्कनीत पाट टाकला आणि डबा उलटा केला.

खालच्या पत्र्यावर लालसर तपकिरी खपली होती. मधोमध, रुपयाएवढी, जाड. मी मनात म्हणालो, बघ, स्वयंपाकघरातल्या वाफेनं गंज धरलाय. आधी थिनर लावलं, फडक्यानं चोळलं, राहिलेलं पॉलिश पेपरनं काढलं. पत्रा आरशासारखा झाला. मग आस कापले, चाकं आत घेतली, आधी एक, मग दुसरं, मोजून. रुळावर ठेवला आणि बोटानं ढकलला. तो न अडखळता शेवटपर्यंत गेला. खरं सांगतो, आठ महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

सून संध्याकाळी कामावरून आली. ती चाकणला एका कंपनीत पेंट शॉपमध्ये तपासणीला आहे, तिचा डोळा बारीक. मी तिला डबा चालवून दाखवला. तिनं कौतुक केलं, हातात घेतला, सवयीनं उलटा केला.

"बाबा, खालचं कुंकू कुठं गेलं?"

मी विचारलं, कसलं कुंकू.

मग तिनं सांगितलं. त्या वर्षी तुम्ही ओरडलात, त्याच्या पुढच्या खंडेनवमीपासून आई त्या सहा डब्यांना खालच्या अंगाला कुंकू लावायच्या. तुम्हाला दिसू नये म्हणून. चांगल्या गाड्या तुमच्या, त्यांना हात लावायचा नाही, पण ह्या माझ्या आहेत, म्हणायच्या. दरवर्षी तेलाचं बोट, हळद, कुंकू. आधीचं पुसायच्या नाहीत, त्याच्यावरच. हातात ताट धरून सूनच उभी असायची. मला सांगायचं नाही अशी ताकीद होती. "तुम्हाला माहीत झालं असेल असं मला वाटलं," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत एकदाही उलटे केले नाहीत का तुम्ही?"

नव्हते केले. रिजेक्शनचा माल कोण उलटा करून बघतो?

मी बाल्कनीत गेलो. फडकं तिथंच पडलं होतं. लाल झालं होतं. गंज फडक्यावर पिवळट उतरतो, ही गोष्ट प्रेस शॉपमधला पहिल्या महिन्याचा हेल्पर सांगंल. मी चोळताना ते बघत होतो आणि तरी मला दिसलं नाही. फडकं उचलून उजेडात धरलं. त्यात रंग होता, पण तिचं बोट नव्हतं. बोट मी पॉलिश पेपरनं काढलं होतं.

सून बाहेर आली. रडू नका, जाऊ द्या, असलं काही बोलली नाही, हा तिचा मोठा गुण. म्हणाली, बाकीचे पाच बघू या.

आम्ही जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक डबा उलटा केला. उलटे ती करायची. बॉबिनच्या चाकांचा, त्याच्यावर होतं. टँकरवर होतं, थोडं निखळलेलं. घरजावयाच्या पोटावर दोन, दोन्ही तोंडांना वेगळं. उलट्या दाराच्या डब्यावर होतं. चहाच्या पत्र्याच्या डब्यावर सगळ्यात चांगलं होतं. सुनेनं मोबाईलची बॅटरी तिरकी धरली आणि म्हणाली, बघा.

अनामिकेच्या टोकाच्या रेघा दिसत होत्या. आणि त्या रेघांना आडवी कापत गेलेली एक खाच. लग्न झालं त्याच वर्षी विळीवर बोट कापलं होतं तिचं, टाके घालायला आली नाही, हळद भरून बांधलं, त्याची खूण जन्मभर राहिली. ती खाच पत्र्यावर उमटली होती. दुसऱ्या कुणाचं बोट असणं शक्य नव्हतं.

मी किती वेळ बघत होतो मला माहीत नाही. पोरगा आला, त्यानं बघितलं, तो मात्र रडला.

मग माझ्यातला फिटर परत जागा झाला. हे असं उघडं ठेवून चालणार नाही, म्हणालो. धूळ बसंल, कुणी पुसंल, पावसाळ्यात ओल धरंल. टूल रूममध्ये आम्ही खुणा केलेल्या पट्ट्यांवर बिनरंगी लॅकरचा हात द्यायचो, खूण पुसत नाही. तसं करू. लॅकर माझ्या पेटीत होतंच. ब्रशही काढला.

सून म्हणाली, "बाबा, आधी ट्रायल पीस."

हे मी तिला सांगायचं, का तिनं मला? पण तिचं बरोबर होतं. बिस्किटाच्या डब्याचं झाकण घेतलं. तिनं त्यावर तेलाचं बोट लावलं, हळद, कुंकू. दोन दिवस उन्हात वाळू दिलं. ते दोन दिवस मी त्या झाकणाजवळच होतो. तिसऱ्या दिवशी वरून लॅकरचा एक हलका हात दिला. कुंकू ब्रशबरोबर पळालं. लाल ओघळ कडेपर्यंत गेले. बोटाचा आकार गेला, नुसता डाग राहिला.

आम्ही दोघं झाकणाकडं बघत बसलो. मी म्हणालो, हे त्या डब्यावर झालं असतं. ती म्हणाली, हो. ब्रश धुऊन मी पेटीत ठेवला आणि पेटीला कुलूप लावलं. किल्ली तिच्याकडं दिली. माझा माझ्यावर भरवसा उरला नव्हता.

रविवारी मास्तर आले. स्कूटरवरून, पाठीला मोठी पिशवी, पिशवीत जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या. सज्जन माणूस. चांगल्या गाड्या बघून खूष झाले, एकेक नीट गुंडाळली. मग पाणी प्यायला आत आले आणि त्यांना ती फळी दिसली.

ते चांगल्या गाड्या विसरलेच. म्हणाले, अहो, हे तुम्ही का दाखवलं नाही? चांगल्या गाड्या दहा जणांकडं असतात, असा उलट्या दाराचा डबा मी जन्मात बघितला नाही. असलं काही ठेवलं तरच लोक थांबून बघतात. बोलता बोलता त्यांनी तो डबा उचलला, उलटा केला, खालची खपली बघितली आणि अंगठा तिच्यावर फिरवायला नेला. त्यांना दोष नाही, मीही गंज समजून तेच केलं होतं.

मी त्यांचं मनगट धरलं. जोरात धरलं असणार, कारण ते दचकले.

"हात लावू नका," मी म्हणालो. "ती माझी बायको आहे."

असं म्हणायचं नव्हतं मला. तिचं बोट आहे, असं म्हणायचं होतं. पण तोंडातून ते आलं. मास्तरांनी डबा सावकाश खाली ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. मग मी सगळं सांगितलं, ओरडलो होतो तेसुद्धा. शेवटी ते एवढंच म्हणाले की त्यांच्याकडं त्यांच्या धाकट्या भावाची एक मोटार आहे, भाऊ लहानपणीच गेला, मोटारीच्या टपावर त्याच्या दातांच्या खुणा होत्या. त्यांनी तरुणपणी हौसेनं तिला नवा रंग दिला. आता रंगाखाली खुणा असतील, पण रंग काढला तर त्याही निघतील, म्हणून तशीच ठेवलीय.

सुनेनं चहा दिला.

पाच डबे द्यायचे नाहीत, हे न बोलताच ठरलं. सहावा, रुंद चाकांचा, तो मी स्वतः काढून त्यांच्यापुढं ठेवला. म्हणालो, हा न्या. परत नाही आणला तरी चालंल. खरं म्हणजे तो माझ्यासमोर नको होता. चांगल्या गाडीच्या मागं आता तो अगदी फिट बसत होता आणि त्याच गोष्टीचा मला राग येत होता.

मास्तर प्रत्येक वस्तूपुढं चिठ्ठी ठेवणार होते, कुठली, कशाची, किती जुनी. त्यांनी पेन काढलं आणि विचारलं, ह्याच्यासाठी काय लिहू?

मी म्हणालो, "लिहा, दुरुस्तीत बिघडला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग तसंच लिहिलं, खाली काही जोडलं नाही. चिठ्ठी डब्यात ठेवली, गोळ्यांची पाकिटं असायची तिथं. जाताना दारात चपला घालत म्हणाले की प्रदर्शन संपल्यावर डबा मी स्वतः आणून देणार, नाही म्हणू नका. मी नाही म्हणणारच होतो, तेवढ्यात सून आतून म्हणाली, "आणून द्या काका. आम्ही वाट बघू."

ते गेल्यावर ती फळीसमोर जाऊन उभी राहिली. रविवार हा तिचा फळ्या पुसायचा दिवस. फडकं हातात होतं. मला विचारलं, ह्या फळीचं काय करायचं.

मी म्हणालो, ह्या फळीला फडकं नाही. धूळ बसू दे.

"किती दिवस?"

"मी हाय तवर."

"आणि मग?"

"मग ती फळी आणि तू. तुमचं तुमी बघा."

रोजचा हात तिथं जायला नको म्हणून तिनं फळीखालचे मसाल्याचे डबे एकेक करून खाली उतरवले, दुसऱ्या फळीवर नेले आणि तिकडची फळी पुसायला घेतली.